चतुराबाईचं फाटक

शहागडहून गोदावरीच्या कडेकडेनं एक कच्चा रस्ता आत जातो. त्या रस्त्यावर चतुराबाईचं शेत लागतं. शेत लागतं म्हणण्यापेक्षा चतुराबाईच लागते. वाटसरू बैलगाडीवर असो की मोटारसायकलवर, फाटकाशी आला की आतून आवाज येणारच, "कोण हाय रे? धुरळा कमी उडव, इथं माणसं राहत्यात!" माणसं म्हणजे ती एकटीच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी अर्पिता पुण्यात नोकरीला. अर्पिता फोनवर सांगायची, "आई, लोकांशी जरा गोड बोलत जा." चतुराबाईचं उत्तर ठरलेलं, "गोड बोलायला मी काय अंकुशनगरच्या कारखान्याची साखर हाय?"

वय बासष्ट. साडेचार एकर ऊस, एक म्हैस, पत्र्याच्या दोन खोल्या आणि भुरी नावाची कुत्री. बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की भले भले पागोटं सावरत निघून जात. सरपंच तिच्या वाटेला जात नसे, वायरमन तार जोडून खांबावरूनच पळ काढी. ती कुणाचं वाईट करत नव्हती, हे खरं आहे. पण चांगलं करायची ती अशा शिव्या घालून, की ज्याचं चांगलं झालं तोही आठ दिवस तिचं नाव घेत नसे. असल्या माणसाबद्दल गोडगोड लिहिण्यात अर्थ नाही, आणि लिहिलेलं तिला खपणारही नाही.

तिचा सगळा जीव भुरीत. नदीकाठचा ऊस म्हणजे रानडुकरांचं आजोळच. एका रात्रीत अर्धा एकर ऊस लोळवून जातात. सगळ्या शिवारात चतुराबाईचा ऊस तेवढा उभा राही, कारण भुरी. अंगानं फार नव्हती, पण डुकराला समोर न जाता मागून कसं धरायचं हे तिला कुणी न शिकवता येत होतं. आता तिचं सातवं वर्ष चालू होतं. मागच्या वर्षी डुकरानं सुळा लावल्यापासून ती डाव्या पायानं लंगडायची. दिवाळीच्या तोंडावर ती व्याली, चार पिल्लं झाली, आणि हे तिचं शेवटचं वेत आहे हे चतुराबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. भुरीच्या जागेला भुरीचंच पोर हवं होतं, आणि आधीच्या वेतांतलं एकही उरलं नव्हतं. ते आता या चारांतूनच मिळणार होतं, नाहीतर कधीच नाही.

पिल्लं तीन दिवसांची असताना शीतल आली. ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली पोरगी, बदनापूरकडची. म्हशीची कास सुजली होती म्हणून तिला बोलावलं होतं. म्हशीला इंजेक्शन देऊन झाल्यावर तिची नजर पिल्लांवर गेली, पण ती त्यांच्याजवळ गेली नाही. लांबूनच म्हणाली, "मावशी, ही जपा. शहागडला पार्वो आलाय. पंधरा दिवसांत किती पिल्लं गेली याला मोजदाद नाही."

"कोण आला?"

"पार्वो. विषाणू आहे. पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं. मग उलट्या. मग रक्ताची हगवण, आणि तिला असा वास येतो की एकदा घेतला तर विसरणार न्हाई. अंगातलं पाणी सगळं निघून जातं. दोन-तीन दिवसांत खेळ खलास."

"माझ्या भुरीला सुई दिलीय की शिबिरात," चतुराबाई फणकारली. "मंग काय होतंय तिच्या पोरांना?"

इथं शीतलनं कपाळाला हात लावला. त्या भागात सुई म्हणजे सुई. एकदा टोचली की सगळ्या रोगांचा हिशोब मिटला, अशीच सगळ्यांची समजूत. "मावशी, ती पिसाळू नये म्हणून दिलेली सुई. पार्वोची वेगळी असते. ती भुरीला कधी दिलीच नाही, म्हणून आईच्या दुधातून पिल्लांना मिळायला पाहिजे ते बळ यांना मिळालेलं न्हाई. सहा आठवड्यांची झाली की मी जालन्याहून बर्फात घालून लस आणते. मंग तीन-तीन आठवड्यांनी आणखी द्यावी लागंल. तोवर एकच औषध. बाहेरचं कुत्रं आत नको आन् बाहेरचा माणूसही नको. हा रोग चपलेच्या तळाला चिकटून येतो, मातीत वर्षभर दबा धरून बसतो."

दुसऱ्या बाईला असं सांगितलं असतं तर तिनं मान डोलावून विसरून टाकलं असतं. चतुराबाईच्या हातात मात्र शीतलनं आयतं हत्यार दिलं. माणसांना हाकलायला तिला आजवर कारण शोधावं लागायचं. आता सरकारी कारण मिळालं होतं. तिनं त्याच दिवशी फाटकाला बाभळीच्या काट्या बांधल्या आणि आत पिल्लांभोवती तुराट्यांचा कूड घातला. सकाळ-संध्याकाळ फिनेलचं पाणी शिंपडू लागली. फिनेलच्या वासावर तिचा फार विश्वास. दुधाच्या गाडीवाल्याला तिनं किटली फाटकाबाहेरूनच घ्यायला लावली आणि तो कुरकुरला तेव्हा त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

पण खरा भडका उडाला तो शिऱ्यावरून. वस्तीवर कुत्री व्याली की शेजारच्या बायका तिला शिरा करून आणतात. गूळ, तेल, पीठ. बाळंतीण ती बाळंतीण, मग दोन पायांची असो की चार. ज्यांच्यात बोलणं बंद असतं त्याही एकमेकींच्या कुत्रीला शिरा नेतात, तेवढं एक बंद दार कुत्रीच्या नावानं उघडतं. पाचव्या दिवशी नंदाबाई आली. नंदाबाई चतुराबाईची चुलत जाऊ, पलीकडच्या शेतातल्या साहेबरावाची बायको. दोन वर्षांपूर्वी साहेबरावानं भुरीचं एक पिल्लू मागून नेलं होतं आणि गोठ्यात दिवसभर साखळीला बांधून ठेवलं होतं. चतुराबाईनं भरदुपारी जाऊन साखळी सोडली आणि पिल्लू उचलून परत आणलं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. म्हणजे नंदाबाई पदराखाली वाटी घेऊन आली होती, ती दोन वर्षं गिळून आली होती.

"फाटक उघडा बाई. शिरा आणलाय भुरीला."

"न्हाई उघडणार."

"आवं, वाटी तरी घ्या."

"वाटी न्हाई का बिटी न्हाई. तुझ्या पायाला रोग आसंल तर?"

शीतलनं जे सांगितलं होतं ते नीट समजावून सांगितलं असतं, तर नंदाबाई काही अडाणी नव्हती. पण चतुराबाईला समजावणं येत नाही. ती नुसती फाटकाशी कमरेवर हात देऊन उभी राहिली. नंदाबाईचे डोळे भरून आले. "माझ्या पायाला रोग?" एवढंच ती म्हणाली आणि वाटी घेऊन परत फिरली. शिरा परत पाठवला ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचली. त्यानंतर दुसरी बाई आली नाही. चतुराबाईला त्याचं दुःख झालं नाही, उलट समाधानच वाटलं.

पिल्लं मात्र बाळसं धरत होती. डोळे उघडले, पाय फुटले, एकमेकांच्या शेपट्या ओढू लागली. त्यातली एक तांबडी मादी दुरून म्हैस हलली तरी कान टवकारायची. चतुराबाईनं मनात तिला भुरीची जागा देऊन टाकली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिनं लसीच्या दिवसाभोवती कोळशानं गोल केला होता.

आठ दिवस उरले होते. चतुराबाई दळण घेऊन गिरणीवर गेली, तिथं तिच्या कानावर पडलं. साहेबरावानं तिच्या नाकावर टिच्चून जालन्याहून एक जर्मन पिल्लू आणलं होतं, रॉकी नावाचं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की सगळ्या सुया झाल्यात. ते पिल्लू दोन दिवसांपासून अंथरुणाला खिळलं होतं. आणि नंदाबाईचं म्हणणं होतं की हे चतुराबाईमुळं झालं. शिरा परतवला त्या दिवशी चतुराबाई आमच्या घराकडं बघून पुटपुटली, तिचीच नजर लागली.

चतुराबाईची तळपायाची आग मस्तकात गेली. दळण गिरणीतच टाकून ती निघाली. घरी न थांबता, पाणीही न पिता, तरातरा थेट साहेबरावाच्या अंगणात.

"कोण म्हणतं माझी नजर लागली? समोर या म्हणावं!"

नंदाबाई ओट्यावरून आत पळाली. साहेबराव चुलीपाशी उकिडवा बसला होता, चुलीत विळा तापत होता. पिल्लू पोत्यावर पडलं होतं. अंगणात सगळीकडं ओल, आणि त्या ओलीला वास. चतुराबाई भांडायला म्हणून तोंड उघडून उभी होती, तो वास नाकात शिरला आणि शीतलचं बोलणं आठवलं. एकदा घेतला तर विसरणार नाही असा वास. ती ओल तुडवत पिल्लापाशी गेली आणि त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. समोर दुधाची ताटली, कडेला उलटी.

"विळा कशाला तापवून राह्यले?"

"पोटाला डाग द्यायला. दात येताना हगवण लागती तशी लागलीय," साहेबराव म्हणाला. "तुम्हाला काय करायचं वैनी? बघून झालं आसंल तर चला."

"डाग द्यायचा तर आधी स्वतःच्या पोटाला द्या! हे पार्वो हाय, पार्वो. दूध पाजून मारून राह्यले तुम्ही त्याला. जल्दी दवाखान्यात न्या, सलाईन लावा. न्हाईतर उद्या खड्डा खांदा आन् मंग माझ्या नावानं रडा!"

"तुम्ही कवा डॉक्टर झाल्या?"

"तू बैल झालास तवाच!"

चुलत दिराला, म्हणजे नात्यानं भाऊजी म्हणायच्या माणसाला, तिनं आयुष्यात पहिल्यांदा तू म्हटलं. साहेबराव उठून उभा राहिला. विळा घेऊन अंगावर येतो की काय असं वाटलं. पण त्यानं विळा पाण्यात टाकला, पिल्लू पोत्यासकट उचललं आणि मोटारसायकल काढली. चतुराबाई जिंकली होती. नजर लागल्याचा आळही धुऊन निघाला आणि साहेबरावाला चारचौघांत बैलही म्हणून झालं. ती घरी आली तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद होता, की भुरीनंही शेपूट हलवली. कुडाच्या आत जाऊन ती पिल्लांत फतकल मारून बसली आणि भुरीला सगळी हकीकत सांगत राहिली. तांबडी तिच्या चपलेचा अंगठा चावत होती.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी चारांतल्या थोराड पिल्लानं दूध सोडलं. चतुराबाईला वाटलं, पाल खाल्ली असेल. दुपारी ते ओकलं. त्याच्या मागोमाग दुसरं ओकलं. संध्याकाळच्या आत कुडात तो वास आला.

शीतल आली तेव्हा चतुराबाई फाटकाशी उभी राहून सगळ्या शिवाराचा उद्धार करत होती. कुणीतरी आत काहीतरी टाकलं. दुधाच्या गाडीवाल्यानंच आणलं. ऊसतोड्यांच्या टोळीचं कुत्रं परवा फाटकाजवळ उभं होतं. साहेबरावानं सूड घेतला.

शीतलनं काही ऐकून घेतलं नाही. हातात मोजे घातले, चपला फाटकाबाहेर काढल्या, पायांना पिशव्या बांधल्या आणि आत आली. पिल्लांचा ताप घेतला, चिमटीत कातडी ओढून सोडून पाहिली. कातडी जागेवर यायला वेळ लागत होता.

"मावशी, इथं कोण आलं होतं?"

"कुणीच न्हाई! माझ्या भुरीची आण. कुणाची सावली पडू दिली न्हाई मी."

"आन् तुम्ही कुठं गेल्त्या?"

"मी? मी कुठं जाती? दळणाला तेवढी गेल्ते. आन् तिथून..."

शीतल तिच्याकडं बघतही नव्हती, सलाईनची नळी सरळ करत होती. चतुराबाईची नजर खाली स्वतःच्या पायांकडं गेली. त्याच चपला. रॉकीच्या अंगणातली ओल तुडवून आलेल्या, फाटकाशी कुणी अडवलं नाही अशा. सगळ्या शिवारावर पहारा ठेवला होता, फक्त एका बाईवर नव्हता.

"फिनेल शिंपडत होते मी," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

"फिनेलला हा जुमानत न्हाई. ब्लिचिंग पावडर लागती."

त्यापुढचे चार दिवस चतुराबाईनं कुणालाही शिवी दिली नाही. शीतल सांगेल ते ती करत होती. या विषाणूला मारणारं औषध नाही, पिल्लाला तोवर जगवून धरायचं असतं, एवढंच शीतल म्हणाली. दोन वेळा येऊन ती सलाईन लावायची, उलटी थांबायचं आणि वरून दुसरे जंतू लागू नयेत म्हणून एक इंजेक्शन द्यायची. उलट्या चालू आहेत तोवर तोंडातून काही नाही. दूध तर बिलकुल नाही. अंग गार पडू द्यायचं नाही, म्हणून चतुराबाई गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या दोन्ही बाजूंनी ठेवायची. ज्या दोघांना अजून काही झालं नव्हतं त्यांना शीतलनं वेगळं करायला लावलं. त्यांना हात लावायच्या आधी चतुराबाई कोपरापर्यंत हात धुवायची. चपला तिनं जाळून टाकल्या आणि थंडीत अनवाणी हिंडत राहिली. भुरी मोठी, तिला काही झालं नाही. ती नुसती या कुडापासून त्या कुडापर्यंत लंगडत येरझाऱ्या घालायची आणि मालकिणीच्या तोंडाकडं बघायची. ते बघणं चतुराबाईला सोसत नव्हतं.

थोराड पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं तिसऱ्या दिवशी पहाटे. वेगळं ठेवलेल्यांतलं एक त्याच दुपारी ओकलं आणि संध्याकाळ बघितली नाही. त्या भागात मेलेलं पिल्लू ओढ्यात नाहीतर उकिरड्यावर टाकतात. चतुराबाईनं कुदळ घेऊन बांधाच्या कडेला कमरेइतका खड्डा खणला, वर चुना टाकला, काटे रचले. शीतलनं सांगितलं होतं तसंच. रडली की नाही कुणाला माहीत नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. तशी व्यवस्था तिनंच केली होती.

उरली ती तांबडी. तीही ओकली, तिलाही लागली. पण चौथ्या दिवशी तिच्या उलट्या थांबल्या. शीतलनं बोटावर मीठ-साखरेचं पाणी घेऊन तिच्या तोंडाला लावलं आणि तिनं बोट चाटलं. "वाचली म्हणायला हरकत न्हाई," शीतल म्हणाली. मग हात धुता धुता सहज बोलून गेली, "साहेबरावकाकांचा रॉकीही उठलाय. वेळेत आणला म्हणून. एक दिवस उशीर झाला असता तर गेला असता."

चतुराबाई कुडावर ब्लिचिंगचं पाणी शिंपडत राहिली. तिच्या एका भांडणानं साहेबरावाचं पिल्लू वाचलं होतं आणि तिची तीन गेली होती. त्याला आता कुणाशी भांडणार?

गावाला मात्र विषय मिळाला होता. शिरा परतवला त्याचं हे फळ, असं एक म्हणत होते. दुसरे म्हणत होते, आता बघा, चतुराबाई साहेबरावाला सोडत नसते. रोग त्याच्याच घरून गेला, ती त्याच्या दारात बसून सगळ्या गावाला ऐकवणार. साहेबरावाच्या कानावर ते गेलं आणि रोज सकाळी त्याला तिची वाट बघवेना. शेवटी तोच आला. एकटा नव्हता. नंदाबाई मागं होती आणि तिच्या मागं तमाशा बघायला पाच-सहा जण. साहेबरावाची छाती पुढं आणि आवाज वरचा. भांडण होणारच आहे तर पहिला वार आपला असावा, असा त्याचा हिशोब.

"वैनी! बाहेर या!"

चतुराबाई आली. अनवाणी, हात ब्लिचिंगनं पांढरे पडलेले.

"लोक काय काय बोलून राह्यले ते मी ऐकलंय," साहेबराव म्हणाला. "माझ्या घरून रोग आला म्हणून बोंब मारायची आसंल तर आत्ता मारा, सगळ्यांसमोर मारा. मागून माझं नाव घ्यायचं न्हाई. बोला, आमच्याच घरून आला ना?"

रोग त्याच्याच घरून आला होता. हे खरं होतं, शीतल साक्ष देऊ शकली असती, आणि ऐकायला माणसंही जमली होती. एवढं बिनतोड भांडण चतुराबाईच्या वाट्याला बासष्ट वर्षांत आलं नव्हतं. नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. मागच्यांनी माना पुढं काढल्या.

चतुराबाईनं फाटकाच्या काट्यांना धरलं.

"तुमच्या घरून?" ती म्हणाली. "तुमच्या घरून आजवर कुणाला काही गेलंय का? तेवढी दानत हाय का तुमच्यात? रोग मी आणला. माझ्या पायानं आणला, माझ्या तोंडामुळं आणला. तीन पिल्लं मी मारली. ऐकलं का सगळ्यांनी? आता निघा. आन् जाताना पाय धुवून घरात जा."